स्टीलच्या ग्लासातले रॅप आणि तीन आठवड्यांचा अबोला

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी २६ वर्षांचा असून निगडीला राहतो. शाळेपासूनचे आम्ही चौघे गेली नऊ वर्षे दर रविवारी संध्याकाळी एकाच टपरीवर भेटतो. एक मित्र चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो आणि मराठीत रॅप लिहितो. लिहायला लागल्यापासून त्याने गुटखा सोडला आहे. दुसरा एमपीएससीची तयारी करतो. मैत्रीण एका रुग्णालयात नर्स आहे. हिप-हॉपवरून आमचे वाद नेहमीच होतात आणि ते गमतीचेच असतात. त्या रविवारी चाकणच्या मित्राने नेहमीप्रमाणे पाण्याच्या रिकाम्या स्टीलच्या ग्लासात मोबाइल उभा करून (आवाज मोठा येतो म्हणून) एक नवे गाणे लावले. सोडून गेलेल्या मुलीला धमकावणारी एक ओळ त्यात होती. मैत्रीण म्हणाली, “बंद कर ते. असं बोलणाऱ्यांच्या बायका मी कॅज्युअल्टीत बघते.” मित्र म्हणाला, हा वस्तीतल्या पोरांचा आवाज आहे, तुझ्यासारख्या पांढरपेशांना तो टोचणारच. एमपीएससीवाला म्हणाला, मुळात हे सगळे अमेरिकेकडून उसने आणलेले आहे, ही आपली संस्कृतीच नव्हे. मी तेव्हा गप्प बसलो. शांत डोक्याने विषय कळावा म्हणून रात्री मी ग्रुपवर हिप-हॉपच्या इतिहासाची एक मोठी पोस्ट टाकली. तिने ती वाचली आणि ग्रुप सोडला. तीन आठवडे ती आलेली नाही.

कोण बरोबर होते? हा विषय यापुढे बंदच करावा का? खरे सांगायचे तर अलीकडे मी स्वतःवर बरेच काम करतो आहे, पुस्तके वाचतो, पॉडकास्ट ऐकतो, आणि मला वाटू लागले आहे की आमच्यात माझी वाढ झाली, बाकीच्यांची राहून गेली.

ता. क. गाण्यांमध्ये कृष्णवर्णीयांसाठी येणारा तो शब्द आम्ही एकमेकांना गमतीने वापरतो. त्यात काही गैर आहे का?

आपला,
गोंधळलेला

उत्तर

प्रिय मित्र,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मला कट्ट्यावर रंगलेला एक वाद दिसला, आणि आपल्याकडे असे वाद अजून होतात याचे थोडे बरेही वाटले. दुसऱ्या वाचनात मात्र मी तुमच्या मैत्रिणीच्या वाक्यापाशी अडले. तुम्ही ते प्रामाणिकपणे लिहून पाठवले आहे, पण त्याच्यावरून तुम्ही तिघेही ज्या वेगाने पुढे निघून गेलात, तो वेग पत्रातही तसाच उतरला आहे. असे बोलणाऱ्यांच्या बायका आपण कॅज्युअल्टीत बघतो, असे ती म्हणाली. त्यावर एका मित्राने तिचा वर्ग काढला, दुसऱ्याने देश काढला आणि तुम्ही रात्री इतिहास काढलात. ती कोणाला बघते, काय बघते, आदल्या रात्री काही घडले होते का, हे नऊ वर्षांच्या तीन मित्रांपैकी एकानेही विचारले नाही. माझ्या मते ती ज्यामुळे उठून गेली ते कारण गाण्यातल्या ओळीपेक्षा या तीन उत्तरांत अधिक आहे. गाणे तर ती पूर्वीही तुमच्याबरोबर ऐकत होतीच.

तुमच्या पोस्टमध्ये काय असेल, याचा मला अंदाज आहे. न्यूयॉर्कमधला ब्रॉन्क्स हा भाग, त्याच्या मध्यातून महामार्ग काढताना उठवली गेलेली हजारो कुटुंबे, सत्तरच्या दशकात जळणाऱ्या इमारती, विम्याच्या पैशासाठी स्वतःच्याच चाळींना आग लावणारे घरमालक, आणि त्या राखेत ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत झालेली ती पार्टी, जिथे डीजे कूल हर्क या तरुणाने एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर (तबकडी वाजवण्याच्या यंत्रांवर) आलटून पालटून वाजवून नाचाचा तुकडा लांबवत नेला. हे सगळे खरे आहे आणि ते माहीत असलेच पाहिजे. पण ती पार्टी ठरवली कोणी, हे तुमच्या पोस्टमध्ये होते का? हर्कची बहीण सिंडी कॅम्पबेल हिला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते आणि त्यासाठी पैसे हवे होते, म्हणून तिने इमारतीतली खोली मिळवली, आमंत्रणे लिहिली आणि मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट असे तिकीट ठेवले. ज्या संध्याकाळीपासून हिप-हॉपचे वय मोजतात, ती संध्याकाळ एका शाळकरी मुलीच्या हिशेबी डोक्यातून निघालेली आहे. इतिहास सांगणारे बहुतेक पुरुष दोन टर्नटेबलांपाशी इतके रंगतात की दाराशी तिकिटाचे पैसे मोजत बसलेली मुलगी त्यांना दिसत नाही. तुमच्या पोस्टमध्ये ती असेल तर मी माझे शब्द मागे घेते.

त्यानंतरही ही मुलगी जागा सोडून गेलेली नाही. आपल्याकडे ढुंकूनही न बघणाऱ्या एका मुलीची खिल्ली उडवणारे रॅप १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गाजत होते. तेव्हा क्वीन्सब्रिजच्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या रोक्सॅन शांते या किशोरवयीन मुलीने त्या मुलीच्या बाजूने असे काही सुनावले की पुढे कित्येक महिने त्या एका गाण्याला उत्तर, उत्तराला प्रत्युत्तर असा सिलसिलाच चालू राहिला. १९९३ मध्ये क्वीन लतीफाने रस्त्यावर अंगचटीला येणाऱ्या, बाईला घाणेरड्या नावाने हाक मारणाऱ्या आणि घरात तिच्यावर हात उगारणाऱ्या पुरुषांना जाब विचारणारे गाणे केले आणि त्याला ग्रॅमी मिळाले. २००४ मध्ये अटलांटाच्या स्पेलमन या कृष्णवर्णीय मुलींच्या महाविद्यालयात नेली या रॅपरच्या संस्थेतर्फे अस्थिमज्जा दात्यांच्या नोंदणीचे शिबिर व्हायचे होते. त्याच्या एका व्हिडिओत बायकांना ज्या तऱ्हेने दाखवले होते, त्याबद्दलही आमच्याशी बोलायला या, असे तिथल्या विद्यार्थिनींनी म्हटले आणि शिबिर रद्द झाले. हे प्रकरण सोपे नव्हते, कारण नेलीची बहीण रक्ताच्या कर्करोगाने आजारी होती आणि शिबिराचा हेतू चांगलाच होता. तरीही त्या मुलींना हिप-हॉप कळत नव्हते, असे कोणी म्हणू शकणार नाही. त्या त्यातच वाढल्या होत्या. तेव्हा तुमच्या मैत्रिणीने “बंद कर ते” म्हटले, तेव्हा ती या परंपरेच्या बाहेर उभी राहून नाक मुरडत नव्हती. तिच्यासारख्या बायका गेली चाळीस वर्षे आतूनच हे म्हणत आल्या आहेत.

आता चाकणच्या मित्राकडे येते. तो अजिबात चूक आहे, असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. या बाबतीत मला अमेरिकेपेक्षा आपली लावणी जास्त उपयोगी पडते. माझ्या लहानपणी रेडिओवर लावणी लागली की वडील उठून आवाज कमी करीत. बंद करीत नसत, कमी करीत, म्हणजे त्यांना स्वतःला ती ऐकू येत राहील. महाविद्यालयात आम्ही मुली तावातावाने दोन बाजूंनी भांडायचो. एक बाजू म्हणे, लावणी हा बाईच्या देहाचा बाजार आहे. दुसरी म्हणे, तुम्हा शहाण्यासुरत्या घरांतल्या मुलींना गावगाड्यातली कला झेपत नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर काही काळ बंदी घातली होती, हेही दुसऱ्या बाजूच्या भात्यात असे. आमच्या वर्गात एक मुलगी होती, जिची आजी फडात नाचलेली होती, आणि ती या वादात कधी तोंड उघडत नसे. एकदा मात्र ती म्हणाली, “तुम्ही नाक मुरडता तेव्हाही माझ्या आजीकडे बघत नाही आणि टाळ्या वाजवता तेव्हाही बघत नाही. फडाचे पैसे कोणाच्या हातात जात होते, हे तुमच्यातल्या एकीला तरी माहीत आहे का?” आम्ही गप्प झालो आणि, सांगायला लाज वाटते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वाद घालू लागलो.

तिचे वाक्य समजायला मला बरीच वर्षे लागली. तमाशाला अश्लील म्हणणाऱ्यांच्या मनात महार, मांग, कोल्हाटी या जातींविषयीची तुच्छता होती, यात शंका नाही. त्याच तमाशात शाहीर पुरुष आणि नाचणारी बाई यांचा मान आणि मोबदला सारखा नव्हता, बाईच्या तोंडची लावणी बहुतेक वेळा पुरुषाने पुरुषांसाठी लिहिलेली होती, हेही तितकेच खरे. पठ्ठे बापूरावांचे नाव आपण आदराने घेतो. ज्या पवळाबाईंनी त्यांचा फड गाजवला, त्यांचे नाव किती जणांच्या तोंडी असते? ही दोन्ही सत्ये एकाच बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या रंगमंचावर, उभी असत आणि त्यातले एक बोलायला लागले की दुसऱ्याचा आवाज कमी करायचा, हाच आमचा वाद होता. तुमच्या टपरीवरही तेच झाले. रॅपला पोरांचा थिल्लरपणा म्हणणाऱ्यांच्या मनात झोपडपट्टीविषयीची घृणा अनेकदा असते, हे तुमचा मित्र अंगावर घेऊन जगला असणार. त्यामुळे कोणी गाण्याला बोट लावले की ते आपल्याला लागले, असे त्याला वाटणे मी समजू शकते. पण त्या दिवशी त्याच्यासमोर असे म्हणणारा कोणी अधिकारी, प्राध्यापक किंवा सोसायटीचा चेअरमन नव्हता. रुग्णालयात रात्रपाळ्या करणारी, त्याच्याच शाळेतली मुलगी होती. तिला पांढरपेशी म्हणणे मला अन्यायाचे वाटते, आणि नर्सचा गणवेश पांढरा असतो म्हणून त्याने तसे म्हटले असेल, तर विनोद म्हणूनही ते फसलेले आहे.

एमपीएससीवाल्या मित्रासाठी फार वेळ खर्च करावा, असे वाटत नाही. परीक्षेच्या दृष्टीने उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी त्याला सांगा. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये, म्हणजे सेजविक अव्हेन्यूच्या त्या पार्टीच्या बरोबर शंभर वर्षे आधी, ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले होते. आणि १९७२ मध्ये मुंबईत जी दलित पँथर उभी राहिली, तिने नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले होते. उसने घेतले म्हणून यातले काही आपले झाले नाही, असे तो म्हणेल का? खुद्द हर्क जमेकातून ब्रॉन्क्समध्ये आलेला मुलगा होता आणि रस्त्यावर मोठे स्पीकर लावून नाचण्याची तिकडची रीत त्याच्याबरोबर आली होती. उलट बाजूने पाहिले तर दोन पक्षांनी रात्रभर समोरासमोर बसून काव्यातून एकमेकांना कोडी घालायची, अडवायचे, टोमणे मारायचे, हा प्रकार आपल्याकडे कलगी-तुऱ्यात जुना आहे, आणि तिथे तर एक पक्ष शक्तीची म्हणजे स्त्रीतत्त्वाची बाजू घेऊनच बसतो. कोकणात आणि मुंबईतल्या चाकरमान्यांत तो अजून चालतो. आरेच्या जंगलातल्या आदिवासींचे म्हणणे मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटाने प्रकाश भोईर या वारली कलावंताला सोबत घेऊन मांडले, ते ऐकताना हे उसने आहे की आपले, असा प्रश्न मला तरी पडला नाही.

ताज्या कलमाचे उत्तर थोडक्यात देते. तो शब्द वापरू नका. कृष्णवर्णीय कलावंत तो स्वतःबद्दल वापरतात, त्यांच्यातही त्यावरून मतभेद आहेत आणि ते त्यांचे त्यांनी मिटवायचे आहेत. आपल्या राज्यात जातिवाचक शब्दांचा इतिहास काय आहे, हे तुम्हाला सांगायला नको. ज्याच्या पूर्वजांना त्या शब्दाने कधी कोणी हाकलले नाही, असा एखादा माणूस “आमची दोस्तीच तशी आहे” म्हणून तो शब्द हसत उच्चारू लागला, तर तुमच्या चाकणच्या मित्राला काय वाटेल, ते त्यालाच विचारून पाहा.

आता तुमच्याविषयी. तुमच्या पत्रातला वाढीचा उल्लेख मला सर्वांत जास्त खटकला, आणि मला वाटते, तुम्हालाही तो लिहिताना थोडा खटकला असावा, कारण त्याआधी तुम्ही “खरे सांगायचे तर” असे लिहिले आहे. वाचन करता, ऐकता, हे उत्तम आहे. पण ज्या रविवारी चौघांपैकी एक जण दुखावून उठला, त्या रविवारी तुम्ही गप्प बसलात. आणि बोललात तेव्हा रात्री, एकट्याने, सगळ्यांना एकदम, आणि कोणाच्या डोळ्यांत बघावे लागणार नाही अशा ठिकाणी बोललात. त्या पोस्टमधली माहिती खरी असली, तरी त्या पोस्टने केलेले काम तुमच्या गप्प बसण्यासारखेच होते: तुमच्यावर कोणती बाजू घ्यायची वेळ आली नाही. तुमच्या मैत्रिणीने तर ती चाकणच्या मित्राच्या बाजूने घेतलेली बाजूच समजली असणार, तीही पुराव्यांसह. हिप-हॉपची चार अंगे लोक मोजतात, डीजे, एमसी (म्हणजे रॅप करणारा), ब्रेकिंग हा नाच आणि ग्राफिटी, म्हणजे भिंतींवरची चित्रे. जाणकार मंडळी त्यात ज्ञान हे पाचवे अंग धरतात आणि त्याचा अर्थ ‘स्वतःला ओळखणे’ असा सांगतात. चाकणचा मित्र पांढरपेशी म्हणाला त्यात त्याची चूक आहे, पण तो निदान तिच्या तोंडावर म्हणाला. रात्रपाळी करून वहीत ओळी लिहिणाऱ्या आणि गुटखा सोडून दाखवणाऱ्या माणसाची वाढ राहून गेली, असे म्हणायला माझी जीभ वळत नाही.

विषय बंद करावा का, असे तुम्ही विचारता. मुळीच नको. नऊ वर्षे ज्या विषयावर तुम्ही हसत भांडत आलात, तो कपाटात कुलूप लावून ठेवला तर टपरीवर पेट्रोलचे भाव आणि कोणाचे लग्न ठरले, एवढेच उरेल. मात्र ‘हिप-हॉप’ या शब्दावर भांडू नका; तो इतका मोठा आहे की प्रत्येकाला त्यात आपल्या सोयीचे सापडते. एखाद्या गाण्यावर, एखाद्या ओळीवर भांडा. ती ओळ कोण म्हणतो, कोणाला उद्देशून म्हणतो, ऐकणाऱ्यांत ती ज्याच्याविषयी आहे ते माणूस बसले असते तर ती तशीच म्हटली असती का, असे प्रश्न विचारले की चाकणच्या मित्रालाही काही सांगता येईल, कारण तो स्वतः ओळी लिहितो आणि एक शब्द बदलला की काय होते, हे तुम्हा तिघांपेक्षा त्याला जास्त माहीत आहे.

पण हे सगळे नंतर. आधी तिला फोन करा. मेसेज नको, ग्रुपमध्ये पुन्हा घेणे तर मुळीच नको. “तुला वाईट वाटले असेल तर सॉरी” हे वाक्य टाळा, कारण त्यात वाईट वाटण्याचा दोष तिच्याकडेच जातो. “तू जे म्हणालीस ते मी ऐकले नाही आणि वर तुला धडा पाठवला” इतके साधे बोला. कॅज्युअल्टीत काय घडले होते, हे खोदून विचारू नका. तिथल्या बायकांच्या गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात, हे तिला माहीत आहे, आणि तरीही त्या दिवशी एक वाक्य तिच्या तोंडून निसटले, यावरून त्या रात्रीचा भार किती असेल, याचा अंदाज तुम्ही करू शकता. तिला बोलायचे असेल तेवढे ती बोलेल. नाही बोलली तर क्रिकेटवर बोला.

चाकणच्या मित्राची माफी त्याची त्याने मागायची आहे. तुम्ही मध्यस्थ होऊ नका. एवढे मात्र त्याला अवश्य सांगा की माफी यमकात मागू नये. या मुलांना प्रत्येक गोष्टीचे गाणे करायची घाई असते, आणि गाणे झाले की टाळ्या लिहिणाऱ्याला मिळतात. गाणे त्याला लिहायचेच असेल, तर सिंडीची गोष्ट द्या; अजून ती मराठी रॅपमध्ये माझ्या ऐकण्यात आलेली नाही.

शेवटी एक चौकशी, जी मला तुमच्या पत्रात सापडली नाही. रविवार हा तुमच्या भेटीचा वार नऊ वर्षांपूर्वी ठरला, तेव्हा तुम्ही सगळे शिकत होतात. आता एक जण शिफ्टमध्ये आहे आणि ती पाळीच्या ड्यूटीवर. त्या रविवारी ती कदाचित शनिवारची रात्रपाळी करून, दोन-तीन तास झोपून टपरीवर आली असेल. फोनवर बाकीचे बोलून झाले की तिला या महिन्याच्या ड्यूटीचा तक्ता विचारा आणि भेटायचा वार त्यावरून ठरवा.

तुमची,
ताई